टपालाची पिशवी : सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली बातमी आणि हेरगिरी

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान स्वतंत्र प्रमाण मानायचं की नाही, हा तो जुना वाद. नैयायिकांचं म्हणणं असं की, सांगणारा आप्त असेल, म्हणजे त्याला ती गोष्ट ठाऊक असेल आणि जशी आहे तशी सांगायची त्याची इच्छा असेल, तर त्याचा शब्द हेच प्रमाण. वैशेषिक आणि बौद्ध म्हणतात, छे, तुम्ही शब्दावरून फक्त अनुमान करता. सांगणारा कोण, त्याला कुठून कळलं, तो का सांगतोय, हे पाहून निष्कर्ष काढता, इतकंच.

त्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. समोर बसलेल्या माणसाचं ठीक आहे, पण छापील बातमीचं काय? तिथे आप्त कोण? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर आजच्या वर्तमानपत्रांपासून सुरू केलं तर आपण लगेच भांडायला लागू, म्हणून मी तुम्हाला जरा लांब नेतो, सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये. इंग्रजीत नियमित छापील बातमीपत्रं निघायला लागली ती याच काळात. मी पेशाने तत्त्वज्ञानाचा शिक्षक, इतिहासाचा नव्हे. पण निवृत्तीनंतर या जुन्या कागदांचा नाद लागला, आणि त्या नादातून हाती लागलेलं आज सांगतो.

आधी एका शब्दाकडे बघू. ‘इंटेलिजन्स’. आज हा शब्द ऐकला की आपल्याला गुप्तचर खातं आठवतं, किंवा बुद्धिमत्ता. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘इंटेलिजन्स’ म्हणजे साधी बातमीसुद्धा. आणि बातमी कळवणारा तो ‘इंटेलिजन्सर’. तो पैसे घेऊन खेड्यातल्या जमीनदाराला लंडनची खबरबात लिहून पाठवणारा असेल, छापील पत्राचा संपादक असेल, किंवा परक्या दरबारात बसलेला हेर असेल. शब्द एकच. आपल्याला हे नवल वाटायला नको. आपल्याकडे ‘खबर’ आहे आणि ‘खबऱ्या’ आहे. खबर वर्तमानपत्रात येते, खबऱ्या पोलिसांकडे जातो. जुन्या मराठी पत्रांमध्ये ‘बातमी राखणे’ म्हणजे काय? शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवणं. तेव्हा बातमी आणि हेरगिरी ही एकाच धंद्याची दोन अंगं आहेत, हे भाषेला आपल्याआधी कळलेलं असतं.

मला दाखवायचं आहे ते असं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये छापील बातमी आणि गुप्त बातमी यांची पिशवी एकच होती, टपालाची. आणि छापलेलं पान म्हणजे त्या पिशवीतून सरकारने, व्यापाऱ्यांनी, हेरांनी आपल्याला हवं ते काढून घेतल्यावर उरलेला भाग. हे लक्षात न घेता ते पान वाचलं तर आपण फसतो.

सुरुवात १६२० च्या डिसेंबरपासून करू. इंग्रजी भाषेतलं पहिलं छापील बातमीपत्र, ज्याला ‘कोरांटो’ म्हणत, ते निघालं ते लंडनमध्ये नव्हेच, ॲमस्टरडॅममध्ये. पीटर व्हॅन डेन कीरे नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसाने ते काढलं. एक सुटा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. आणि त्याचं पहिलंच वाक्य काय होतं? की इटलीकडची बातमी अजून आलेली नाही! मला हे फार आवडतं. इंग्रजी पत्रकारितेची सुरुवातच मुळी बातमी न येण्याच्या बातमीने झाली. पण यात विनोदापेक्षा अधिक काही आहे. टपाल कुठून येतं, कधी येतं आणि कुठलं यायचं राहिलं, हे तो वाचकाला पहिल्या ओळीत सांगतो. कोरांटोमध्ये प्रत्येक मजकुरावर गाव आणि तारीख असे. व्हेनिस, अमुक तारीख. प्राग, तमुक तारीख. मजकूर घटनेनुसार लावलेला नसे, पत्र जिथून आलं त्यानुसार लावलेला असे. म्हणजे वाचकाला ‘काय घडलं’ हे कळत नव्हतं, ‘कुठून काय लिहून आलं’ एवढंच कळत होतं. ज्ञानशास्त्राच्या दृष्टीने हा अतिशय प्रामाणिक प्रकार आहे.

युरोपात तेव्हा तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं. इंग्लंडच्या राजाचा, पहिल्या जेम्सचा, जावई बोहेमियाचं राज्य गमावून बसला होता आणि लोकांना बातमी हवी होती. राजाला मात्र लोकांनी राज्यकारभारावर बोलू नये असं वाटे. त्याच डिसेंबरात त्याने तसा जाहीरनामाही काढला. हॉलंडमधून येणारे कोरांटो बंद करावेत म्हणून डच सरकारकडे तगादा लावला. १६२१ मध्ये थॉमस आर्चर नावाचा विक्रेता असले कागद छापल्याबद्दल तुरुंगात गेला. मग परवाना घेऊन छापायची सोय झाली आणि नॅथॅनिएल बटर आणि निकोलस बोर्न हे दोघे या धंद्यात जम बसवून बसले. बेन जॉन्सनने तर ‘द स्टेपल ऑफ न्यूज’ हे नाटकच बातम्यांच्या दुकानावर लिहिलं, त्यात बटरच्या आडनावावर कोट्या केल्या.

अट मात्र एक होती. छापायचं ते परदेशातलं. देशातल्या राजकारणावर, पार्लमेंटवर एक अक्षर नाही. आणि परदेशातलंसुद्धा किती दिवस? १६३२ च्या १७ ऑक्टोबरला कोरांटोंवर बंदी आली. स्पेनच्या प्रतिनिधीने तक्रार केली होती. आता तारीख बघा. स्वीडनचा राजा गुस्टाव्हस अडॉल्फस, ज्याच्या विजयांच्या बातम्या इंग्लंडमधला प्रॉटेस्टंट वाचक अधाशासारखा वाचत होता, तो ल्युट्झेनच्या लढाईत पडला तो नोव्हेंबरात. बंदीनंतर काही आठवड्यांत. युरोपातली त्या दशकातली सगळ्यांत मोठी बातमी, आणि लंडनमध्ये साप्ताहिक कोरांटो नाही!

मग लोकांना कळलं नाही का? कळलं की. इथे आपण हस्तलिखित बातमीपत्रांकडे येतो. हा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि छापखान्याच्या इतिहासात तो नेहमी मागे राहतो. लंडनमध्ये काही माणसं अशी होती की जी आठवड्याला एक पत्र लिहून गावाकडच्या श्रीमंतांना पाठवत. जॉन पोरी हे त्यातलं एक नाव. व्हायकाउंट स्कुडामोर त्याला वर्षाला २० पौंड देत असे. कोरांटो मिळे एक-दोन पेन्सना. हा फरक नुसत्या किमतीचा नाही. हाताने लिहिलेल्या पत्राला परवाना लागत नसे. त्यात पार्लमेंटमध्ये कोण काय बोललं ते येई, दरबारातली भांडणं येत. छापील कागद सगळ्यांसाठी, म्हणून मिळमिळीत. हस्तलिखित कागद थोड्यांसाठी, म्हणून खमंग. आज आपल्याला उलट वाटतं. छापलं म्हणजे खरं, हाताने लिहिलेलं म्हणजे कुजबुज. त्या काळचा जाणता वाचक असं समजत नव्हता.

१६४१ मध्ये स्टार चेंबर हे राजाचं न्यायासन रद्द झालं, सेन्सॉरची पकड ढिली झाली, आणि नोव्हेंबरात पार्लमेंटच्या कामकाजाचं पहिलं साप्ताहिक निघालं. पुढे यादवी युद्ध. दोन्ही बाजूंची पत्रं. राजाच्या बाजूने ऑक्सफर्डहून ‘मर्क्युरियस ऑलिकस’, पार्लमेंटच्या बाजूने ‘मर्क्युरियस ब्रिटानिकस’. नावं मोजत बसलो तर रात्र होईल. मी फक्त दोन गोष्टींपाशी थांबतो.

पहिली, १६४५ च्या जूनमधली. नेझबीच्या लढाईत राजा पहिला चार्ल्स हरला आणि त्याची खाजगी पत्रांची पेटी शत्रूच्या हाती पडली. राणीशी केलेला पत्रव्यवहार, आयर्लंडहून कॅथलिक सैन्य आणायच्या वाटाघाटी, सगळं. पार्लमेंटने काय करावं? निवडक पत्रं जुलैत छापून टाकली, ‘द किंग्ज कॅबिनेट ओपन्ड’ या नावाने. शत्रूची पकडलेली पत्रं म्हणजे निव्वळ लष्करी गुप्त माहिती. ती एका महिन्यात बाजारात विकायला आली. आणि राजपक्ष म्हणणारच की ही बनावट आहेत. म्हणून पार्लमेंटने सांगितलं की मूळ पत्रं बघायला ठेवलेली आहेत, ज्याला राजाचं अक्षर ओळखता येतं त्याने येऊन खात्री करावी. छापील शब्दाला स्वतःचं असं प्रामाण्य नाही, ते मूळ कागदापाशी नेऊन सिद्ध करावं लागतं, हे प्रचार करणाऱ्यांनीच मान्य केलं. निवडलेली पत्रं खरी होती. पण निवडली होती, हे विसरू नका. खरी पत्रं निवडून खोटं चित्र उभं करता येतं, आणि त्याला बनावटपणा म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट एका बाईची. एलिझाबेथ आल्किन. लोक तिला ‘पार्लमेंट जोन’ म्हणत. तिच्या नवऱ्याला राजपक्षाने ऑक्सफर्डला हेर म्हणून फाशी दिलं होतं. ही बाई लंडनच्या रस्त्यांवर बातमीपत्रं विकायची. अशा फेरीवाल्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या, त्यांना ‘मर्क्युरी’ म्हणत. आता विचार करा, बंदी घातलेलं पत्र कुठे छापलं जातं हे कोणाला ठाऊक असणार? ते विकणाऱ्या बायकांना. आल्किनने नेमकं हेच केलं. त्या वर्तुळात राहून राजपक्षाचे चोरटे छापखाने हुडकायचे आणि सरकारला कळवायचं. पुढे स्वतःही काही पत्रं काढली. त्यांतल्या काहींची नावं राजपक्षाच्या पत्रांसारखी होती. ती मुद्दाम तशी ठेवली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे एकाच टोपलीत विकायचा कागद आणि पकडायचा सापळा. १६५३ च्या डच युद्धात तिने जखमी खलाशांची शुश्रूषा केली, पदरचे पैसे खर्च केले आणि मग आजारी, कर्जबाजारी अवस्थेत सरकारकडे थकलेल्या पैशांसाठी अर्ज करत राहिली. आज आपल्याला ती माहीत आहे ती मुख्यतः त्या अर्जांमुळे. सरकारने पैसे वेळेवर चुकते केले असते तर इतिहासाला ही बाई ठाऊकच झाली नसती! हेरांच्या इतिहासाची ही गंमत आहे. ज्याचं काम नीट झालं आणि ज्याचा हिशेब मिटला, त्याचा कागद उरत नाही.

आता थर्लोकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जॉन थर्लो. पेशाने वकील. क्रॉमवेलचा सचिव. १६५३ मध्ये गुप्त बातमीचं काम त्याच्याकडे आलं आणि १६५५ मध्ये टपालखातंही. हे दोन्ही एका माणसाकडे असणं हा योगायोग नव्हे. १६५७ च्या टपाल कायद्याच्या प्रास्ताविकात उघड म्हटलेलं आहे की, राज्याविरुद्धचे घातकी बेत उघडकीला आणायला टपाल हे उत्तम साधन आहे. सरकार पत्रं फोडतं हे गुपित नव्हतंच, कायद्याच्या पुस्तकात होतं.

काम कसं चाले? टपालाच्या रात्री अकराच्या सुमारास आयझॅक डोरिस्लॉस नावाचा माणूस टपाल कचेरीला लागून असलेल्या खोलीत येई. सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेवली जात. त्याला हस्ताक्षरं इतकी ठाऊक झाली होती की, कोणतं पत्र फोडायचं हे तो बाहेरूनच ओळखे. पहाटे तीन-चारपर्यंत हे चाले. सॅम्युएल मोरलंडही थर्लोच्या हाताखाली होता, शेवटी तो राजाला जाऊन मिळाला. सांकेतिक लिपीतली पत्रं असली तर ती ऑक्सफर्डला जॉन वॉलिसकडे जात. हा वॉलिस कोण? गणितात अनंतासाठी आपण आडवा आठ काढतो ना, ते चिन्ह रूढ करणारा. त्याने पार्लमेंटसाठी सांकेतिक पत्रं उलगडली, मग राजा परत आल्यावर राजासाठी उलगडली, आणि पुढे तिसऱ्या विल्यमसाठीही. सरकारं बदलली, उलगडणारा तोच.

आणि याच थर्लोच्या टेबलावरून परदेशच्या पत्रांतला मजकूर कुठे जाई? मार्चमंट नेडमकडे. हा त्या काळचा सगळ्यांत हुशार पत्रकार आणि सगळ्यांत निर्लज्जही. आधी पार्लमेंटचा ‘ब्रिटानिकस’ लिहिला, मग राजाच्या बाजूने ‘मर्क्युरियस प्रॅग्मॅटिकस’, मग पकडला गेला आणि १६५० पासून प्रजासत्ताकाचा ‘मर्क्युरियस पॉलिटिकस’. सरकारकडून वर्षाला १०० पौंड. या ‘पॉलिटिकस’ला काही काळ परवाना देणारा अधिकारी म्हणून नोंद आहे जॉन मिल्टनची, त्याच मिल्टनची ज्याने १६४४ मध्ये छपाईच्या परवान्यांविरुद्ध ‘ॲरिओपॅजिटिका’ लिहिली. मी यावरून मिल्टनची टर उडवणार नाही. सिद्धान्त आणि नोकरी यांच्या मध्ये आपण सगळेच कधी ना कधी उभे असतो.

१६५५ च्या शरद ऋतूत सरकारने बाकीची पत्रं बंद केली. उरली दोन. गुरुवारी ‘पॉलिटिकस’, सोमवारी ‘पब्लिक इंटेलिजन्सर’. दोन्ही नेडमची. मजकूरही पुष्कळदा तोच. आता समजा तुम्ही त्या काळातल्या एखाद्या घटनेवर संशोधन करताय. तुम्ही लिहिता, ‘या बातमीला दोन समकालीन पत्रांत दुजोरा मिळतो.’ तिसरा आधार म्हणून थर्लोच्या कागदांतलं एक पत्र देता. तीन साधनं! प्रत्यक्षात किती आहेत? एक. हेगहून किंवा पॅरिसहून एकाने एक पत्र लिहिलं, ते थर्लोला मिळालं, त्यातला निवडक भाग नेडमला मिळाला, नेडमने तो दोनदा छापला. साक्षीदार तीन दिसतात, तोंड एकच आहे. न्यायालयात वकील हे लगेच पकडेल. इतिहासात आणि आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र हे सर्रास निसटतं. ‘सगळीकडे आलंय’ असं आपण म्हणतो. सगळीकडे येणं आणि अनेकांनी स्वतंत्रपणे सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(श्रोत्यांमधून एक प्रश्न आला : थर्लोकडे इतकी माहिती होती, तर ती आज आपल्याला कशी मिळते?)

याचं उत्तर एखाद्या कादंबरीत शोभावं असं आहे. राजा परत आल्यावर थर्लोचे कागद गायब झाले. तो लिंकन्स इनमध्ये राहायचा, वकिलांच्या वसाहतीत. पुढे तिसऱ्या विल्यमच्या काळात तिथल्या माळ्यावरच्या खोल्यांचं खोटं छत निघालं आणि त्यावर हे कागदांचे गठ्ठे सापडले. १७४२ मध्ये थॉमस बर्चने ते सात जाडजूड खंडांत छापले. पण म्हणून तिथे थर्लोचं सगळं जग आहे असं मानू नका. लपवायची वेळ आली तेव्हा एका सावध वकिलाने जे ठेवायचं ठरवलं, ते छतावर गेलं. बाकीचं शेकोटीत गेलं असेल. राजपक्षाच्या ‘सील्ड नॉट’ या गुप्त मंडळातला सर रिचर्ड विलिस हाच थर्लोला बातम्या पुरवत होता, हे मोरलंडने फोडलं म्हणून १६५९ मध्ये बाहेर आलं. न फुटलेले किती, कोण जाणे.

थर्लोच्या खर्चाबद्दल एक आकडा नेहमी दिला जातो. वर्षाला ७०,००० पौंड. आकडा आला कुठून? सॅम्युएल पेप्सच्या रोजनिशीतून. १६६८ च्या फेब्रुवारीत सचिव मॉरिस पार्लमेंटमध्ये म्हणाला की, गुप्त बातमीसाठी मला वर्षाला फक्त ७०० पौंड मिळतात, क्रॉमवेल तर ७०,००० देत असे. हे पेप्सने लिहून ठेवलं. आता बोलणारा कोण? पैसे मागायला उभा राहिलेला मंत्री. नेमका शंभर पट आकडा! अभ्यासक तो फुगवलेला मानतात, हिशेबाच्या कागदांतून दिसणारा खर्च याच्या जवळपासही जात नाही. पण आकडा इतका सुरेख आहे की पुस्तकांतून हटता हटत नाही.

१६६० नंतरचा भाग थोडक्यात सांगतो, पण एक माणूस सोडता येत नाही, जोसेफ विल्यमसन. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या सचिवाच्या, आर्लिंग्टनच्या, हाताखालचा अधिकारी. त्याआधी १६६३ पासून रॉजर लेस्ट्रेंज नावाचे गृहस्थ छपाईवर देखरेख करत आणि सरकारी पत्रंही काढत. त्यांनी पहिल्याच अंकात लिहून टाकलं की, बातमीपत्रांमुळे सामान्य जन वरिष्ठांच्या कारभाराशी नको तितके परिचित होतात. बातमीपत्राच्या संपादकाने असं म्हणावं, म्हणजे हलवायाने गोड खाऊ नका सांगण्यासारखंच. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग आला, दरबार ऑक्सफर्डला गेला आणि तिथे नोव्हेंबरात ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ सुरू झालं. दरबार परत आल्यावर ते झालं ‘लंडन गॅझेट’. ते अजून चालू आहे.

गॅझेट लिहायला सुरुवातीला होता हेन्री मडिमन. त्याचा खरा धंदा हस्तलिखित बातमीपत्राचा, वर्षाला पाच पौंड वर्गणी. आणि त्याला टपाल मोफत होतं, ही त्याची सगळ्यांत मोठी पुंजी. विल्यमसनला ही ग्राहकयादी हवी होती. १६६६ च्या आरंभी दोघांचं फाटलं. मडिमन दुसऱ्या सचिवाच्या, म्हणजे मघाच्याच मॉरिसच्या, आश्रयाला गेला. इकडे टपाल कचेरीतल्या जेम्स हिक्सने मडिमनच्या ग्राहकांना पत्रं धाडली की आता त्याच्याशी नव्हे, आमच्याशी व्यवहार ठेवा.

विल्यमसनने उभी केलेली व्यवस्था मला थर्लोपेक्षाही चतुर वाटते. त्याने गावोगावचे पोस्टमास्तर, बंदरातले जकात अधिकारी, आरमाराचे भांडारपाल यांना धरलं. हार्विचला सायलस टेलर, यार्मथला रिचर्ड बोअर, ज्याच्या घरी कॉफीहाऊसही होतं. यांनी बंदरात कोणतं जहाज आलं, बाजारात लोक काय बोलतात, हे दर टपालाने लिहायचं. बदल्यात विल्यमसन त्यांना गॅझेट आणि हस्तलिखित बातमीपत्र फुकट पाठवणार. बातमीच्या बदल्यात बातमी. लंडनचं ताजं पत्र हाती आलं की बोअरसारख्याच्या घरी माणसं जमणार, माणसं जमली की बोलणार, आणि बोललेलं पुन्हा लंडनला जाणार. वाचकच खबऱ्या झाला. सरकारने १६७५ च्या डिसेंबराअखेरीस कॉफीहाऊसांवर बंदी घातली आणि जेमतेम दहा दिवसांत मागे घेतली. व्यापाऱ्यांनी ओरड केली हे खरंच. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट होती, बाजारात लोक काय बोलतात हे ऐकायचे कान सरकार आपल्याच हाताने कापून घेत होतं.

संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी आता थोडं व्यवहाराचं, कारण माझ्याकडे तशी पत्रं येतात.

पहिला खड्डा तारखेचा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणना. युरोपच्या बऱ्याच भागात नवी. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा. ल्युट्झेनची लढाई इंग्रजी हिशेबाने ६ नोव्हेंबर, जर्मन कॅथलिक हिशेबाने १६. त्यातून इंग्लंडचं कायदेशीर वर्ष सुरू होई २५ मार्चला. म्हणून जानेवारी १६६४ चं पत्र ‘१६६३’ म्हणून नोंदलेलं सापडतं. हॉलंडहून निघालेली बातमी निघायच्या आधीच लंडनला पोचल्यासारखी दिसते! टपालाला किती दिवस लागले हे काढायचं असेल, आणि ते काढल्याशिवाय कोणी कोणाची नक्कल केली हे कळत नाही, तर आधी तारखा एका पंचांगात आणा.

यासाठी जॉर्ज थॉमसन या पुस्तकविक्रेत्याचे आपल्यावर थोर उपकार आहेत. १६४० ते १६६१ या काळात लंडनमध्ये निघालेले सुमारे २२,००० कागद त्याने जमवले आणि पुष्कळांवर तो हाती आल्याची तारीख स्वतः लिहिली. आज तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापलेली तारीख खोटी असू शकते, थॉमसनच्या हाताने लिहिलेली सहसा नसते. त्याने एक पुस्तिका राजाला वाचायला दिली होती, ती राजाच्या हातून चिखलात पडली. तेही त्याने तिच्यावर टिपून ठेवलंय.

दुसरं, सरकारी कागदांचे एकोणिसाव्या शतकात छापलेले सारांशखंड, ज्यांना ‘कॅलेंडर’ म्हणतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून काम करणाऱ्याला ते मोठा आधार आहेत, संगणकावर बरेचसे वाचता येतात. पण ते सारांश आहेत. बंदरातल्या माणसाने चार ओळी अफवेवर लिहिल्या आणि व्हिक्टोरियन संपादकाला त्या क्षुल्लक वाटल्या, तर त्या गळाल्या. आणि आपल्याला तर अफवाच हवी असते.

हे सगळं आपल्या इतिहासालाही लागू पडतं, आणि ओढूनताणून नव्हे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा पाद्री जॉन एस्कॅलियट याने त्याच महिन्यात नॉर्विचच्या सर थॉमस ब्राऊनला एक लांब पत्र लिहिलं. महाराजांच्या शरीरयष्टीचं, चेहऱ्याचं वर्णन त्यात आहे. ते आपल्याकडे वारंवार दिलं जातं आणि कधी कधी ‘प्रत्यक्षदर्शी इंग्रजाने केलेलं वर्णन’ म्हणून. मूळ पत्र वाचा. त्यात तो स्वच्छ सांगतो की ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांनी असं वर्णन केलं. एस्कॅलियट आपल्या वाक्याला मर्यादा घालून ठेवतो, उतरवून घेणारे आपण ती मर्यादा काढून टाकतो. आप्तपणा त्याच्यात कमी नाही, आपल्यात कमी पडतो.

(प्रश्न : मग छापील पत्रांवर विश्वास ठेवूच नये का?)

तसं मी म्हणत नाही. १६६६ च्या जूनमध्ये डचांशी चार दिवस समुद्रावर लढाई चालली. सहा तारखेला लंडनमध्ये विजयाच्या होळ्या पेटल्या. पेप्स स्वतः आनंदला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कळलं की प्रकार उलटा आहे. इथे खोटं कोणी बोललं? कदाचित कोणीच नाही. लढाईचा एक तुकडा पाहिलेल्याने तुकडा सांगितला, ऐकणाऱ्याने त्याची लढाई केली. त्या होळीवरून लढाईबद्दल काही कळणार नाही, पण लंडनला काय ऐकायचं होतं हे नक्की कळेल, आणि त्यासाठी ती उत्तम साक्ष आहे. कागद कशाची साक्ष देतोय हे आधी ठरवायचं, मग विश्वासाचा प्रश्न.

म्हणून ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांनी असं करावं. वॉरिकशरच्या सर रिचर्ड न्यूडिगेटच्या घरी सचिवाच्या कचेरीतून हस्तलिखित बातमीपत्रं येत. १६७४ ते १७१५ या काळातली जवळजवळ चार हजार पत्रं आज वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत. त्यातला कुठलाही एक आठवडा घ्या. त्याच आठवड्याचे ‘लंडन गॅझेट’चे दोन अंक शेजारी ठेवा. दोन्ही कागद एकाच कचेरीतून, बहुधा एकाच टपालावरून तयार झालेले. काय दोन्हींत आहे ते खोडा. गॅझेटमध्ये नाही आणि पत्रात आहे, ते वहीत उतरवून काढा. एका आठवड्याला साधारण एक संध्याकाळ लागते. पुढच्या महिन्यात भेटू तेव्हा तुमच्या वह्या घेऊन या, आपण तिथूनच सुरू करू.